लांब पल्ल्याची मोटारसायकल आणि मालकाचा हात



रविवारी सकाळी आमच्या कारंज्याच्या घरी अंगणात एक जुने पोते अंथरले जाई. त्यावर ओळीने पाने, पक्कड, पेचकस आणि रॉकेलची वाटी मांडली जाई, आणि मग बाबा आपली राजदूत स्टँडवर घेत. बाबा खेड्यातील शाळेत शिक्षक होते. गाव फार दूर नव्हते, पण मधली वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गारा असा घट्ट बसे की चाक फिरायचेच थांबे, आणि गुरुजी तुराटीने चिखल उकरीत रस्त्यावर बसलेले दिसत. शेवटी त्यांनी मिस्त्रीकडून पुढचे मडगार्ड दोन बोटे वर उचलून घेतले. पट्टीचे दोन तुकडे, चार नटबोल्ट, झाले! आमच्या घरातील मोटारसायकलीत केलेली ही पहिली सुधारणा.

आपण म्हणाल, यात इतिहास तो कसला? इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या. मला मात्र वाटते की यंत्र कारखान्यातून बाहेर पडल्यावर लोकांनी त्याचे काय केले, हाही इतिहासच आहे, आणि तो फारसा कोणी लिहून ठेवीत नाही. आज मोटारसायकलींत ‘स्पोर्ट-टूरिंग’ नावाची एक जात मानतात. वेगही चांगला आणि बसणेही असे की दिवसाकाठी चारपाचशे किलोमीटर गेले तरी पाठ धरत नाही, अशी ती गाडी. ही जात केवळ इंजिनियरांच्या कागदावर जन्मली नाही. तिचा बराचसा भाग घरोघरच्या अंगणात घडला, तो असा.

कारंजा पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आमच्या गावावरून जाई. तिची ऐट मोठी, चाल मात्र बैलगाडीची. १९९४ सालापर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. ज्याला वेळेवर पोहोचायचे त्याने आपली सोय आपण पाहावी, असाच तो मामला. नागपूरहून निघून कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा पश्चिमेला जाणारा रस्ता गावातूनच जातो. म्हणून लांबच्या प्रवासाची मोटारसायकल ही आमच्याकडे चैनीची वस्तू म्हणून आली नाही, गरज म्हणून आली.

गाड्या होत्या तरी किती? १९५५ साली मद्रासला एन्फिल्डचा कारखाना निघाला आणि बुलेट आली. म्हैसूरला आयडियल जावाने १९६१ च्या सुमारास जावा बनवायला घेतली. तिचेच पुढे १९७३ मध्ये ‘येझ्दी’ असे बारसे झाले. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ साली पोलंडच्या नमुन्यावरून राजदूत काढली. पुण्याकडे बजाजची स्कूटर होती आणि १९७२ नंतर कायनेटिकची लूना. परवाने आणि कोट्यांचा तो काळ. पसंतीच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. एकदा मिळालेली गाडी मग मालक जन्मभर सांभाळी. विकायची झाली तर पुढच्या माणसाला तिची पथ्येसुद्धा सांगे. टंचाईने आपल्याला बरेच काही सोसायला लावले, पण हात मात्र शहाणे केले, एवढे तिचे ऋण मानले पाहिजे.

आता त्या हातांना येत काय होते, ते जरा सविस्तर सांगतो. आमच्या शिक्षकबंधूंना वर्गात त्याचा उपयोग होईल.

राजदूत आणि जावा ही दोन टप्प्यांची इंजिने, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. वीस-पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, असे काहीसे प्रमाण. तेल कमी पडले तर पिस्टन धरतो. जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि गाडी धूर ओकते. प्रमाणाचे गणित पाटीवर न उमगणारी मुले पेट्रोलपंपावर ते चटकन करीत, हे मी पाहिलेले आहे. प्लग काढून त्याचा रंग पाहणे म्हणजे वैद्याने जीभ पाहण्यासारखे. तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. काळा आणि ओला असेल तर इंधन किंवा तेल जास्त जाते आहे. पांढरा पडला असेल तर इंजिन तापते आहे, सावध! प्लगच्या दोन टोकांत साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर फट हवी. फट मोजायचे गेज नसेल तर लोखंड कापायच्या करवतीचे पाते त्या फटीत घालून पाहत, कारण त्याची जाडी जवळपास तेवढीच असते. ही युक्ती मूळ कोणाची, कोण जाणे.

दर काही महिन्यांनी सायलेन्सरची आतली नळी बाहेर निघे. तिच्यावर चढलेली तेलकट काजळी गोवऱ्यांच्या विस्तवात जाळून टाकायची, म्हणजे गाडी पुन्हा पळू लागे. आईचा मात्र त्या वासाला सक्त विरोध असे.

चेनचे शास्त्र निराळे. चेन मधोमध दाबून पाहावी, पाऊण ते एक इंच खालीवर झाली पाहिजे. फार ताणली तर बेअरिंग खाते, फार सैल झाली तर दातांवरून उडते. आणि चेनच्या जोडाला जी कुलपासारखी पत्ती असते, तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. उलटी बसली तर वाटेत निघून पडते. आमचा मिस्त्री बाबांना म्हणे, “गुरुजी, बैलाचा पाय मोडला त बैल बोंबलते तरी. हे गाडी गुमान मरते. तिचं तुम्हालेच आयकू आलं पायजे.”

बुलेटवाले लांबच्या प्रवासाला निघताना आणखी एक गोष्ट करीत. क्लचची चालू तार आणि तिच्याशेजारीच दुसरी नवी तार आधीच ओवून, चिकटपट्टीने बांधून ठेवीत. जंगलात तार तुटली तर फक्त दोन टोके अडकवायची. दोन-चार रुपयांची ही तयारी, पण तिच्यामुळे माणूस रात्री घरी पोहोचे.

हे सारे गरिबीचे खेळ, अमेरिकेत असे कोण करतो, असे कोणाला वाटेल. तर तसे नाही. १९६८ साली रॉबर्ट पर्सिग नावाचा गृहस्थ आपल्या मुलाला मागे बसवून होंडाच्या ३०५ सी.सी. मोटारसायकलीवर मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत गेला. त्या प्रवासावर त्याने लिहिलेले ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक १९७४ साली निघाले, आणि त्याआधी १२१ प्रकाशकांनी ते नाकारले होते. त्यात एक मजेदार प्रसंग आहे. बरोबरच्या मित्राच्या महागड्या बी.एम.डब्ल्यू. गाडीचे हँडल सैल झाले. लेखक म्हणाला, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आत घालू, काम फत्ते! मित्राला ते भारीच लागले. एवढ्या मोलाच्या गाडीला डब्याचा पत्रा? लेखकाच्या दृष्टीने मात्र तो पत्रा म्हणजे मऊ, न गंजणारा, नेमक्या जाडीचा ॲल्युमिनियम होता. आमच्या कारंज्याचा मिस्त्री तेथे असता तर त्या दोघांचे भांडण मिटेपर्यंत त्याने पत्रा बसवूनही टाकला असता.

याहून मोठा दाखला पुढचा. १९७५ साली होंडाने ‘गोल्ड विंग’ नावाची भली थोरली गाडी अमेरिकेत आणली. ती आली उघडीबोडकी. ना वारा अडवायला काच, ना सामानाला पेट्या. लोकांनी ती घेतली आणि इलिनॉय राज्यातील क्रेग व्हेटर याच्या कारखान्याची वाराकाच आणि पेट्या आपापल्या घरी तिच्यावर चढवल्या. कंपनी पाहत होती. पाच वर्षांनी, १९८० मध्ये, होंडाने काच आणि पेट्या बसवलेली ‘इंटरस्टेट’ गोल्ड विंग स्वतःच विकायला काढली. मालकांनी शिकवले, कारखाना शिकला. (जर्मनांचेही श्रेय सांगितले पाहिजे. बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९७६ च्या आर १०० आर.एस. गाडीला हवेच्या बोगद्यात पारखलेले कवच कारखान्यातच बसवले होते.)

आपल्याकडे असे काही घडले का? घडले, पण आपल्या पद्धतीने. दूधवाल्यांनी राजदूतच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यांची घोडी लावून कॅन टांगले. साडीचा पदर चाकात जाऊन अपघात होत, म्हणून मागच्या चाकाला जाळी आली. पुढे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२३ मध्ये, मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायची सोय, पाय ठेवायची जागा आणि निम्मे चाक झाकणारी आड ही बंधनकारकच झाली. परदेशी पाहुण्यांना ही जाळी विचित्र वाटते. मला मात्र ती फार शहाणी वस्तू वाटते.

लांब पल्ल्यासाठी जाणकार आणखी एक बदल करीत, तो दातांचा. बुलेट ३५० मध्ये इंजिनाकडून चेन ओढणाऱ्या चक्रीला १६ दात. त्याऐवजी १७ दातांची चक्री घातली की १७ भागिले १६, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी सहा टक्क्यांहून किंचित अधिक पुढे जाते. सपाट रस्त्यावर इंजिन निवांत चालते, थरथर कमी होते. चढावर मात्र ते लवकर दमते. फुकट काहीच मिळत नाही. सातवीच्या मुलांना गुणोत्तर शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

सगळेच घरगुती बदल शहाणपणाचे असतात असे मात्र मुळीच नाही. मी स्वतः नोकरीला लागल्यावर एक गाडी घेतली आणि रात्रीच्या प्रवासासाठी तिला १०० वॉटचा दिवा लावला. मूळचा दिवा ३५ वॉटचा. १२ व्होल्टच्या गाडीत ३५ वॉटला सुमारे ३ अँपिअर वीज लागते, १०० वॉटला ८ च्या वर. तार मात्र तीच, बटणही तेच. मध्ये रिले घालावा आणि जाड तार ओढावी, हे मला ठाऊक होते; पण ‘पुढच्या रविवारी करू’ म्हणत राहिलो. शेलूबाजारच्या अलीकडे रात्री रबर जळाल्याचा वास आला आणि डोळ्यांपुढे एकदम अंधार! बायको मागे बसलेली. समोरून ट्रक येत होता. मी अंदाजाने कडेला घेतली आणि गाडी थांबली ती बाभळीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर. बाबांना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. नुसते उठून जळालेली तार हातात घेऊन पाहत राहिले.

पुढे काळ पालटला. १९८५ मध्ये हीरो होंडाची सी.डी. १०० आली. चार टप्प्यांचे इंजिन, पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट नाही. टाकी भरा आणि गाडीला विसरून जा, असे तिची जाहिरातच सांगे. ती खोटी नव्हती. पण त्याच वेळी मालकाचा हात गाडीवरून निघू लागला. २००१ मध्ये बजाजची पल्सर आली. २००३ मध्ये हीरो होंडाची करिझ्मा आली, आणि तिच्यावर आमची पोट्टी गोव्याला अन् लडाखला जाऊ लागली. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील सर्व नव्या गाड्यांना ए.बी.एस. ब्रेक सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ आले आणि बहुतेक गाड्यांतून कार्बुरेटर गेला. इंधन किती सोडायचे हे आता एक लहानशी संगणकपेटी ठरवते. तेथे करवतीचे पाते चालत नाही.

आणि बजाजने २०१६ च्या अखेरीस ‘डॉमिनार ४००’ ही लांब पल्ल्याची गाडी आणली, तिची हकीकत गोल्ड विंगसारखीच झाली. लोक तिला काच, कॅरिअर, हातांपुढच्या ढाली, इंजिनाखालचा पत्रा बाहेरून लावून घेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने हे सारे साहित्य कारखान्यातच बसवून द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत पाच वर्षे लागली, आपल्याकडेही जवळजवळ पाचच.

आता कायद्याचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे की नोंदणीच्या कागदावरील कारखान्याच्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात ते पुन्हा स्पष्ट केले. सायलेन्सर काढून फटफट आवाज करणाऱ्या बुलेटींवर पोलीस कारवाई करतात, ती योग्यच आहे. त्या आवाजाने गाडी काही जोरात पळत नाही, शेजारचे म्हातारे तेवढे दचकतात. पण माझ्या बाबांच्या उचललेल्या मडगार्डाला आणि त्या फटाकड्या सायलेन्सरला एकाच मापाने मोजावे, हे मला पटत नाही. इंजिन, चौकट, आवाज आणि दिवे यांना हात लावू नये. सामानाची घोडी, वाऱ्याची काच, चिखलाची सोय यांबाबत मात्र परिवहन खात्याने सोप्या मराठीत एक यादीच शाळा-ग्रामपंचायतींत लावली तर खेड्यातील माणसाचा पुष्कळ घोर मिटेल.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. तो कारंज्याजवळून जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणून आमच्या मोटारसायकली आजही शेलूबाजार-मालेगाव-मेहकर याच जुन्या वाटेने जातात. वाटेत पंक्चरवाले आहेत, चहा आहे, सावली आहे. जाण्याआधी चेन पाहून घ्यावी, टायरची हवा गाडी थंड असताना मोजावी, ब्रेकच्या गाद्या किती झिजल्या ते वाकून पाहावे. यांतील एकाही कामाला संगणक लागत नाही आणि कायदाही आड येत नाही. माझी मुलगी यंदा नववीत आहे. मागच्या रविवारी तिने चेनची पत्ती स्वतः बसवली, उलटी बसवली, आणि मी काही म्हणण्याआधी तिचीच चूक तिला दिसली.