बंद यंत्राची उकल

संगणकाच्या पडद्यावर जे चित्र उमटते, ते काढण्याचे काम यंत्रातील एका स्वतंत्र चिपकडे असते. त्या चिपला आज्ञा कशी द्यावयाची हे जाणणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर नीट नसेल, तर उत्तमातली उत्तम चिपही लंगडत चालते.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स याने लिनक्सचा आरंभ केला. कोणीही वाचावी आणि कोणीही सुधारावी, अशी ही प्रणाली. परंतु चित्राच्या चिपा बनविणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने लिनक्ससाठी जो ड्रायव्हर दिला, तो वेगवान असला तरी त्याचे अंतरंग बंद होते. त्यात बिघाड झाला तर दुरुस्ती कंपनीच्याच हाती. आणि कंपनीने जुन्या कार्डाची साथ सोडली, की धडधाकट यंत्राचा धनीही निरुपाय होई.

या परावलंबनातून २००५ साली ‘नूवो’ हा उद्योग सुरू झाला. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ ‘नवा’. कंपनीची कागदपत्रे हाती नव्हती. तेव्हा या मंडळींनी बंद ड्रायव्हरकडून एखादी साधी आकृती काढवून घ्यावी, चिपमधील आधीच्या व नंतरच्या नोंदी ताडून पाहाव्यात, आणि कोणत्या आज्ञेचा अर्थ काय हे ठरवावे, असा क्रम आरंभिला. प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तिच्याशी या कामाचे नाते आहे. भेद इतकाच की अशोकाला आपले लेख वाचले जावेत असे वाटत होते! २०१० साली नूवोला लिनक्सच्या मूळ गाभ्यात स्थान मिळाले.

दरम्यान दुसऱ्या कंपनीने निराळा मार्ग धरला. एएमडीने २००६ साली एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि २००७ साली आपल्या चिपांची माहिती खुली करण्याचे जाहीर केले. पुढे तिचे खुले ड्रायव्हर इतके सुधारले, की २०२२ साली आलेले स्टीम डेक हे खेळांचे यंत्र एएमडीची चिप व लिनक्स यांवरच उभे राहिले.

नूवोपुढे मात्र नवेच संकट आले. २०१४ सालच्या मॅक्सवेल चिपांच्या दुसऱ्या पिढीपासून चिपच्या पोटातील फर्मवेअरवर कंपनीची सांकेतिक स्वाक्षरी आवश्यक झाली. तिच्याविना चिपची गती वाढविता येईना. सुरू होतानाच्या मंद गतीवरच ती रेंगाळे. भाषा उलगडली होती, पण कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे होती. टोर्व्हाल्ड्सने तर त्यापूर्वीच, २०१२ साली, फिनलंडमधील भर सभेत एनव्हिडियाचा अत्यंत अशिष्ट शब्दांत निषेध केला होता.

२०२२ साली कंपनीने २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या चिपांसाठी ड्रायव्हरचा गाभ्यातील भाग खुला केला. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्सच्या ६.७ या आवृत्तीत, स्वाक्षरीयुक्त फर्मवेअरच्या साहाय्याने, नूवोलाही त्या चिपांची गती वाढविणे शक्य झाले. ट्युरिंगपूर्वीच्या पास्कल पिढीस मात्र तेव्हाही हा लाभ मिळाला नाही.

पास्कलचे कार्ड घेणाऱ्याने मोल पूर्ण मोजले होते. त्याला त्याचे पूर्ण बळ खुल्या मार्गाने वापरता आले नाही, आणि त्याचे कारण कारागिरांच्या बुद्धीची उणीव हे नव्हते. विकत घेतलेल्या वस्तूवर धन्याची सत्ता कोठवर चालते, हा जुनाच प्रश्न या नव्या यंत्रांनी पुन्हा उभा केला आहे.