अंगणांतला दाणा व माळावरचा पक्षी

बर्फानें जमीन झांकली गेली म्हणजे विलायतेंतील गृहस्थ खिडकीशीं पाखरांसाठीं पावाचा चुरा टाकतो. तेथें हिंवाळा हाच पाखरांच्या उपासमारीचा काळ होय. आमच्या सोलापुराकडे याच्या अगदीं उलट स्थिति आहे. पौषांत शाळू हुरड्यावर येतो आणि मध्य आशियांतून आलेल्या भोरड्यांचे थवे शिवारावर उतरतात. शेतकरी मचाणावरून गोफण फिरवितो खरा. परंतु खळें झालें म्हणजे पाखरांसाठीं मूठभर धान्य टाकावयास, अगर ओसरीवर कणसांची जुडी टांगावयास तो विसरत नाहीं.

ही भूतदया थोर आहे. मात्र तिची हद्द बहुधा अंगणाशींच संपते. कायद्याचा इतिहासही असाच आहे. १८८७ च्या पक्षिरक्षणाच्या कायद्यानें नगरपालिकांना व छावण्यांना आपल्या हद्दीपुरते नियम करण्याची मुभा दिली, व तीही विणीच्या हंगामापुरती. १९१२ च्या कायद्याच्या यादींत माळढोकाच्या कुळाचें नांव आलें; तरी अभय मिळालें तें ठराविक महिन्यांचेंच. शिकारीस पुरता आळा बसावयास १९७२ साल उजाडावें लागलें.

माळढोक कोणाच्या अंगणांत येत नाहीं. तो उघड्या माळावर टोळ-नाकतोडे वेंचतो. मादी बहुधा एकच अंडें, तेंही उघड्या जमिनीवर घालते. त्याला आपल्या ओंजळींतील दाण्याचा काय उपयोग? त्याला हवा असतो निवांत माळ. तो राखण्यासाठीं १९७९ सालीं नान्नजचें अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यांत गांवें, शेतें, रस्ते सारेंच आलें. निर्बंधांमुळें लोकांची गैरसोय झाली, आणि ज्या पक्ष्याविषयीं जिव्हाळा वाटावा त्याच्याविषयीं रोष उत्पन्न झाला. पुढें हें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यांत आलें. दरम्यान पाणी आलें, माळ नांगराखालीं गेले, ऊंस व द्राक्षें उभीं राहिलीं. ज्याला शेती पिकवावयाची त्याला यांत दोष कसा द्यावा? परंतु आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसलाच तर एखादाच.

अंगणांत पाखरांना दाणा घालावा, उन्हाळ्यांत पाण्याची परळ भरून ठेवावी; मुलांना दयेचा पहिला धडा तेथेंच मिळतो. दुसरा धडा अधिक कठीण आहे. जो जीव आपल्या दारीं येत नाहीं, त्याची जागा त्याला राहूं देणें, हीही दयाच होय. आणि तिची किंमत एकट्या माळकरी शेतकऱ्यावर न लादतां आपण सर्वांनीं उचलली पाहिजे.