क्लचचे पेडल तळाला गेल्यास

माझदा एमएक्स-५ ही जपानी दोन आसनी स्पोर्ट्स कार १९८९ साली बाजारात आली. तिचा क्लच तारेने नव्हे, तर ब्रेक ऑइलच्या दाबाने सुटतो. पेडलजवळचा मास्टर सिलिंडर ते ऑइल नळीतून ढकलतो आणि गिअरबॉक्सवरील स्लेव्ह सिलिंडर क्लचचा फोर्क सरकवतो. पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्यांत स्लेव्हचे रबरी सील झिजणे ही जुनीच व्याधी होय. पेडल पोकळ लागते, गिअर करकरतो, टाकीतील पातळी उतरते. स्लेव्हच्या टोकावरील रबरी टोपण उचलून पाहावे. आत ऑइल पाझरलेले दिसल्यास निदान झालेच. पेडलमागे ओल असेल, तर दोष मास्टरचा.

वाटेतच पेडल बसले, तर टाकी भरून ते वारंवार दाबावे. दाब काहीसा परततो, पण गॅरेज गाठण्यापुरताच. येथे ‘ऑइल’ या नावाला भुलू नये: इंजिन ऑइल ओतल्यास सील फुगून निकामी होते. ब्रेक ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

स्लेव्ह अवघ्या दोन बोल्टांवर बसलेला असतो. वेळ जातो तो नळीतील हवा काढण्यात. एक सिलिंडर गळू लागला, की तितक्याच वयाचा दुसराही फार काळ टिकत नाही. म्हणून दोन्ही एकदमच बदलावेत.