मठातल्या स्वयंपाकघरातली शांती

'देवाची शांती' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पहाट, मेणबत्ती, सायलेंटवर टाकलेला फोन. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो माणूस मात्र सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठाच्या स्वयंपाकघरात राबत होता. आणि ते काम त्याला अजिबात आवडायचं नाही, बरं का.

मूळ नाव निकोलस हर्मन. जन्म साधारण १६१४ चा, लॉरेन प्रांतातला. युरोपातल्या 'तीस वर्षांच्या युद्धा'त सैनिक म्हणून गेला, जखमी झाला, पाय कायमचा अधू झाला. मग एका बड्या माणसाकडे नोकर म्हणून लागला, तर तिथे इतका धांदरट की हातातल्या वस्तू फुटायच्या. १६४० मध्ये तो कार्मेलाइट मठात दाखल झाला. धर्मगुरू म्हणून नाही, तर अंगमेहनतीची कामं करणारा साधा ब्रदर म्हणून. तिथे नाव मिळालं ब्रदर लॉरेन्स.

'आणि मग त्याला शांती मिळाली' असं म्हणून आपण इथे मोकळे होतो. पण झालं उलटंच. चार वर्षं त्याच्या मनाने घेतलं होतं की आपलं तारण होणार नाही, आपण नरकातच जाणार. कोणी कितीही समजावलं तरी ते डोक्यातून जाईना. आपली अप्रेझलची चिंता निदान वर्षातून एकदा निकाली निघते. ही अनंतकाळाची होती.

त्यातून तो बाहेर कसा आला? कोणी खात्री दिली म्हणून नाही. त्याने स्वतःशी ठरवलं, की मी इथे आलो ते देवावरच्या प्रेमापोटी. तारण होवो न होवो, मरेपर्यंत जे करीन ते त्याच प्रेमापोटी करीन. म्हणजे उत्तर मिळालंच नाही, त्याने त्या प्रश्नामागे धावणं सोडलं. मला त्याच्या आयुष्यातली हीच जागा सगळ्यात मोठी वाटते, कारण आपण शांती म्हणजे खात्री असं धरून चालतो.

पुढे प्रार्थनेची वेळ वेगळी आणि कामाची वेगळी, हा भेदच तो मानेनासा झाला. तव्यावर ऑम्लेट उलटताना मनातल्या मनात देवाशी साधं बोलायचं. लक्ष भरकटलं तर स्वतःला दोष देत न बसता परत वळायचं. एकदा मठासाठी वाइन आणायला त्याला बर्गंडीला पाठवलं. व्यवहाराचं डोकं नाही, पाय लंगडा. बोटीवर तो पिंपांवरून अंग लोटत पुढे सरकायचा. देवाला म्हणायचा, काम तुझं आहे. आणि काम व्हायचंही नीट!

हे सगळं आपल्याला कळतं ते त्याच्या थोड्या पत्रांमुळे आणि जोसेफ द बोफोर या धर्मगुरूमुळे. १६६६ पासून बोफोर त्याला भेटून बोलत असे, आणि त्या गप्पा त्याने टिपून ठेवल्या. तो चाहता होता, तेव्हा थोडी झळाळी चढली असणार. पण चाहत्यानेही ती काळी चार वर्षं लपवली नाहीत, म्हणून मला त्याचा भरवसा वाटतो.

स्वयंपाकघरात सुमारे पंधरा वर्षं काढल्यावर पाय फारच दुखू लागला, तेव्हा त्याला बसून करायचं काम दिलं: मठातल्या लोकांच्या चपला दुरुस्त करायच्या. फेब्रुवारी १६९१ मध्ये तो वारला. पत्रं आणि गप्पा बोफोरने त्यानंतर छापल्या.