विखुरलेलं संस्थान

लिनक्सवरचं 'एलव्हीएम' माझ्या डोक्यात शिरलं ते सांगली संस्थानाच्या नकाशामुळे. हसू नका, खरंच!

हे संस्थान सलग नव्हतंच. मिरज प्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी... एक तुकडा पंढरपूरच्या पलीकडे, एक पार धारवाडकडे. मध्ये दुसऱ्यांचा मुलूख. तरी १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत कारभार एकच, पटवर्धनांचा. एलव्हीएम असंच चालतं. अनेक डिस्क एका गटात घ्यायच्या, त्यांचे सहसा ४ एमबीचे तुकडे पाडायचे आणि कुठला तुकडा कुठे आहे याचं दप्तर ठेवायचं. आपल्याला दिसते एकच सलग जागा. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्सच्या धर्तीवर हे लिनक्ससाठी लिहिलं.

साधं पार्टिशन म्हणजे १९४९ ची जिल्ह्याची वाटणी. तासगाव, वाळवा दक्षिण साताऱ्यात गेले ते गेलेच. (१९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.) हद्द हलवणं सोपं नाही.

आजोबांचे मोडी कागद स्कॅन करून मी दोन जुन्या डिस्कवर पसरलेल्या अशाच एका जागेत ठेवले होते. एक डिस्क गेली आणि सगळंच उघडेना! दप्तर शाबूत होतं, मुलूखच नव्हता. एलव्हीएम जागा जोडतं. मिररिंग सांगितल्याशिवाय दुसरी प्रत ठेवत नाही, हे मला तेव्हा कळलं. उरलेल्या डिस्कवरून खटपट करून थोडं निघालं.

मूळ कागद साताऱ्याला काकांच्या माळ्यावर आहेत. वाळवीच्या आधी पोचायला हवं.