क्रँक स्क्रॅपर आणि ऑइल बॅफल: वळणावर इंजिनाचं तेल जागेवर कसं ठेवतात?

सातारा-सांगली हा पट्टा उसासाठी जितका ओळखला जातो, तितकाच लोखंडाच्या कामासाठीही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला आणि सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी गाव जन्माला आलं. १९२२ साली धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला लोखंडी नांगराचा कारखाना काढला. पुढे तिथे देशातल्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनांपैकी काही इंजिनं तयार झाली. त्यामुळे इथल्या गॅरेजमध्ये लेथ, वेल्डिंग आणि इंजिन बांधणीचं काम जाणणारे हात भरपूर आहेत.

आता नवी पिढी जुनी जिप्सी, एस्टीम किंवा स्विफ्ट घेऊन ती रॅली आणि ट्रॅकसाठी तयार करते. मोठा एक्झॉस्ट, नवा कॅमशाफ्ट, रुंद टायर हे सगळं लागतं. पण पहिल्याच ट्रॅक डेला इंजिन ‘टकटक’ करायला लागतं आणि खोलून बघितलं तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खरवडलेलं असतं. तेल तर पुरेसं होतं, मग असं का झालं?

बऱ्याचदा उत्तर सापडतं इंजिनाच्या तळाशी, म्हणजे ऑइल चेंबरमध्ये.

नेमकं बिघडतं काय?

साध्या कारच्या चेंबरमध्ये साधारण तीन ते चार लिटर तेल असतं. तळाशी जाळी लावलेली एक नळी असते. ऑइल पंप तिच्यातून तेल ओढतो आणि बेअरिंगला पोचवतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो आणि क्रँक त्या थरावर अक्षरशः तरंगत फिरतो. पंपाने तेलाऐवजी हवा ओढली की तो थर तुटतो आणि धातू धातूवर घासतो. जास्त आरपीएमला नुकसान व्हायला काही सेकंदही पुरतात.

तेल दोन कारणांनी जागा सोडतं.

पहिलं कारण म्हणजे वळण आणि ब्रेक. समजा ३० मीटर त्रिज्येचं वळण आहे. ताशी ४० किमी वेगाने ते घेतलं तर तेलाचा पृष्ठभाग सुमारे २३ अंशांनी कलतो. ताशी ६० किमी वेगाने घेतलं तर हाच कल सुमारे ४३ अंशांवर जातो. म्हणजे तेल चेंबरच्या भिंतीवर चढतं आणि नळीची जाळी उघडी पडू शकते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पसरणी किंवा खंबाटकी घाटाच्या चढाने तेल पळत नाही. दहाला एक असा चढ असला तरी कल सहा अंशांच्या आतच राहतो. तेल पळतं ते वेगाने, जोरदार ब्रेकने आणि लांब वळणाने.

दुसरं कारण म्हणजे घुसळण. क्रँकचं वजनदार टोक मध्यापासून ८० मिमी अंतरावर आहे असं धरलं, तर ६००० आरपीएमला ते ताशी सुमारे १८० किमी वेगाने फिरत असतं. त्याच्याभोवती तेलाचे थेंब आणि धुकं गोल फिरत राहतं. ताकात रवी घुमवल्यासारखा हा प्रकार आहे. तेलात हवेचे बुडबुडे मिसळतात, त्याला फेस येतो, क्रँकला फिरायला जास्त जोर लागतो आणि खाली परतायला हवं असलेलं तेल वरच अडकून राहतं.

बॅफल आणि स्क्रॅपर: कोण काय करतं?

उन्हाळ्यात जत किंवा माण तालुक्यात पाण्याचा टँकर अर्धा भरून चालला की ब्रेक मारल्यावर पाणी पुढे धडकतं. म्हणून टँकरच्या आत भोकं असलेले आडवे पत्रे लावतात. ऑइल बॅफल हे त्याच विचाराचं छोटं रूप आहे. चेंबरमध्ये नळीभोवती पत्र्याचा कप्पा करतात. चांगल्या बॅफलला छोटे झडपदार दरवाजे असतात. ते फक्त आत उघडतात, त्यामुळे तेल कप्प्यात येतं पण सहज बाहेर जात नाही. वरून आडवा पत्रा असतो, तो तेलाला भिंतीवर चढू देत नाही.

क्रँक स्क्रॅपर म्हणजे साधारण दीड-दोन मिमी जाडीची स्टीलची पट्टी. ती ब्लॉक आणि चेंबर यांच्यामध्ये बसते. तिची आतली कड क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या आकाराप्रमाणे कापलेली असते. क्रँकला ती शिवत नाही, अगदी जवळून जाते आणि त्याच्याभोवती फिरणारं तेल खरवडून खाली पाडते. ज्या बाजूने क्रँक खालून वर चढतो, त्या बाजूला तिचा उपयोग सर्वात जास्त होतो, कारण तेल पुन्हा वर जाण्याआधीच तिथे अडतं.

थोडक्यात, स्क्रॅपर तेल खाली आणतो आणि बॅफल ते खाली धरून ठेवतो.

प्रत्येक इंजिनाला लावायचं का?

नाही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

शेतावरची किंवा गुऱ्हाळातली अनेक जुनी एक सिलिंडरची इंजिनं मुद्दाम तेल उडवण्यावर चालतात. कनेक्टिंग रॉडच्या खाली चमच्यासारखा भाग असतो, तो तेलात बुडतो आणि सगळीकडे तेल शिंपडतो. अशा इंजिनात स्क्रॅपर लावला तर ज्या तेलावर ते जगतं तेच अडवल्यासारखं होईल. स्क्रॅपर फक्त पंपाने दाबाखाली तेल पुरवणाऱ्या इंजिनासाठी आहे.

काही आधुनिक इंजिनांत क्रँकच्या खाली बॅलन्स शाफ्ट किंवा जाड अॅल्युमिनियमची चौकट असते. तिथे पट्टीला जागाच नसते. काहींचं अॅल्युमिनियमचं चेंबर गिअरबॉक्सलाही बोल्टने जोडलेलं असतं. मध्ये दोन मिमीची पट्टी आली की ते बोल्ट जुळत नाहीत. अशा ठिकाणी फक्त बॅफल करणं शहाणपणाचं.

बाइकचं इंजिन कारमध्ये बसवणाऱ्यांनी तर बॅफल आधी करावं. कॉलेजचे विद्यार्थी फॉर्म्युला स्पर्धांसाठी गाड्या बनवतात, तेव्हा ही अडचण हमखास येते. बाइक वळणावर झुकते, त्यामुळे तेल चेंबरच्या तळाशीच राहतं. तेच इंजिन चार चाकांवर ठेवलं की ते झुकत नाही आणि तेल थेट एका बाजूला जातं.

बसवायचं कसं?

१. इंजिन बाहेर काढून स्टँडवर उलटं करा. गाडीखाली झोपून हे काम नीट होत नाही. ब्लॉक आणि चेंबरच्या कडा जुन्या गॅस्केटपासून पूर्ण साफ करा.

२. गॅस्केटसह स्क्रॅपर ब्लॉकवर ठेवा आणि चार-पाच बोल्टने तात्पुरता आवळा.

३. क्रँक हाताने सावकाश पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कुठे घासलं तर जोर लावू नका. तिथे खूण करा, पट्टी काढा आणि कानशीने थोडं थोडं घासा.

४. फिलर गेजने सगळीकडे फट मोजा. स्टीलच्या स्क्रॅपरसाठी एक ते दीड मिमी फट सुरक्षित धरावी. क्रँक पुढे-मागे ढकलून आणि रॉड दोन्ही बाजूंना सरकवून पुन्हा मोजा. गरम झाल्यावर आणि जास्त आरपीएमला भाग किंचित वाकतात आणि ताणतात, म्हणून फार कमी फट ठेवण्याचा मोह टाळा. रॉडच्या बोल्टची डोकी तपासायला विसरू नका.

५. घासलेल्या प्रत्येक कडेची धार काढा. लोखंडाचा एक कण बेअरिंगमध्ये गेला तरी सगळं काम वाया जातं.

६. आता बॅफल. स्टीलच्या चेंबरमध्ये ते वेल्ड करता येतं, अॅल्युमिनियमच्या चेंबरमध्ये बोल्टने बसवणं सोपं. कोपरे गोल ठेवा, कारण टोकदार कोपऱ्यापासून पत्रा थरथरीने तडकतो. तळाशी छोटी भोकं ठेवा, नाहीतर तेल बदलताना जुनं तेल कप्प्यातच राहील. वरून परतणाऱ्या तेलाला आणि क्रँककेसमधल्या वायूला वाट हवी. डिपस्टिक अडत नाही ना, हेही पाहा.

७. नळीची जाळी आणि चेंबरचा तळ यांच्यातली फट मोजा. ही फट साधारण ६ ते १० मिमी असते, पण तुमच्या इंजिनाची मूळ फट आधी मोजून तीच कायम ठेवा. स्क्रॅपर आणि जादा गॅस्केटमुळे चेंबर दोन-अडीच मिमी खाली जातं हे लक्षात ठेवा. फट मोजायला चिकणमातीचा गोळा तळाशी ठेवून चेंबर दाबून बघता येतं. मोजून झाल्यावर माती कणभरही राहता कामा नये.

८. स्क्रॅपरच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट किंवा गॅस्केट मेकर लागतो. गॅस्केट मेकरचा थर बारीक ठेवा. आत फुगलेला तुकडा तुटला तर तो थेट जाळीत अडकतो. बोल्ट मधून कडेकडे, टॉर्क रेंचने आवळा.

पहिल्यांदा सुरू करताना

नवं तेल मोजून ओता आणि डिपस्टिकवर पातळी कुठे येते ते पाहा. गरज वाटल्यास नवी खूण करा. स्पार्क आणि पेट्रोल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. मग इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं आयडलवर ठेवा, घासण्याचा आवाज आणि गळती तपासा. थोडं चालवल्यावर ऑइल फिल्टर कापून कागदात धातूचे कण आहेत का बघा.

फायदा किती?

ताकदीत पडणारा फरक लहान असतो, तो प्रत्येक इंजिनानुसार बदलतो. खरा फायदा ऑइल प्रेशर स्थिर राहण्यात आहे. म्हणून प्रेशरचं मीटर आधी लावा. लांब वळणात काटा पडत असेल तर हे काम तुमच्या उपयोगाचं आहे. सलग लांब वळणं असलेल्या मोठ्या ट्रॅकसाठी, चिकट स्लिक टायरवर, हेही अपुरं पडू शकतं. तिथे वेगळी टाकी आणि जादा पंप असलेली ड्राय संप पद्धत लागते.

एक सोपा वाटणारा उपाय मात्र करू नका. ‘तेल पळतंय ना, मग लिटरभर जास्त ओता’ असं गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. पातळी फार वाढली तर क्रँक थेट तेलात बुडतो, फेस वाढतो आणि मूळ दुखणं आणखी बळावतं.

रोजच्या गाडीला यातलं काहीच लागत नाही. सार्वजनिक रस्त्यावर, कायद्याच्या वेगात, कंपनीचं चेंबर पुरेसं असतं. वॉरंटीतली गाडी असेल तर इंजिन खोलण्याआधी तिच्या अटी वाचा. आणि वळणावर तेलाचा लाल दिवा क्षणभर जरी लुकलुकला, तरी गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि डिपस्टिक काढून पाहा. अनेकदा दोष चेंबरचा नसतो, तेलच कमी झालेलं असतं.