टॅमिफ्लू चालले, पण कशामुळे?

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी याच शहरात घेतला होता आणि जो तो टॅमिफ्लूचे नाव घेत होता. गोळी सरकारी केंद्रांतूनच मिळे; दुकानांना कडक अटींवर परवानगी मिळायला सप्टेंबर उजाडला. तिचा कच्चा माल, शिकिमिक आम्ल, बिर्याणीत पडणाऱ्या चक्रीफुलातून काढत. (म्हणून बिर्याणीने फ्लू बरा होतो असे मात्र नाही.)

त्या साथीत गोळी विषाणूवर चालली, यात नशिबाचा वाटा मोठा होता.

फ्लूवरचे आधीचे औषध अमांटाडीन. अमेरिकेत ते १९६६मध्ये मंजूर झाले. विषाणूच्या एका प्रथिनातली वाट ते अडवी. पण त्या प्रथिनात एक छोटा बदल झाला की औषध निकामी. २००५-०६च्या हिवाळ्यात अमेरिकेतले ९० टक्क्यांहून अधिक एच३एन२ विषाणू त्याला दाद देईनासे झाले. मग सारी भिस्त टॅमिफ्लूवर आली. बर्ड फ्लूच्या धास्तीने अनेक सरकारांनी त्याचे साठे केलेच होते.

२००७-०८च्या हिवाळ्यात नॉर्वेतून बातमी आली की, तिथल्या हंगामी एच१एन१ विषाणूंपैकी सुमारे दोनतृतीयांश टॅमिफ्लूला जुमानत नाहीत. औषधाचा अतिवापर झाला की प्रतिरोध येतो, हे आपण पाठ केलेले गणित. नॉर्वेत तर हे औषध फारसे वापरलेच जात नव्हते! प्रतिरोध देणारा एच२७५वाय हा बदल पूर्वी विषाणूला दुबळा करी. दरम्यान झालेल्या इतर बदलांनी ती उणीव भरून काढली आणि औषधाचा दबाव नसतानाही हा विषाणू पसरला. वर्षभरात जगातले जवळपास सगळे हंगामी एच१एन१ तसे झाले.

तेवढ्यात डुकरांकडून नवा एच१एन१ आला आणि त्याने जुन्याला हुसकावले. नवा अमांटाडीनला जुमानत नव्हता, टॅमिफ्लूला मात्र दाद देत होता. प्रतिरोध काही आपण परतवला नव्हता. एका विषाणूने दुसऱ्याची जागा घेतली, इतकेच.

पण विषाणू दाद देतो म्हणून रोगी वाचतो का? कंपनीकडचे चाचण्यांचे पूर्ण अहवाल मिळवायला कॉक्रेनच्या संशोधकांना काही वर्षे भांडावे लागले. २०१४मध्ये त्यांनी सांगितले की, प्रौढांची लक्षणे सात दिवसांऐवजी ६.३ दिवसांत ओसरतात. रुग्णालयात भरती होणे टळते, याचा पुरावा नाही. ब्रिटनने तोवर साठ्यावर ४२.४ कोटी पौंड खर्चले होते. जनतेच्या पैशाने घेतलेल्या औषधाची माहिती कंपनीच्या कपाटात राहावी, हे मला प्रतिरोधापेक्षाही गंभीर वाटते.

दुसरी बाजूही आहे. या चाचण्यांतले बहुतेक लोक एरवी धडधाकट होते. २००९च्या साथीत रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी पाहिल्या तर लवकर औषध मिळालेल्यांत मृत्यू कमी दिसतात. अर्थात या नोंदी म्हणजे काटेकोर चाचणी नव्हे. २०१७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीतून पूरक यादीत हलवले, तेही रुग्णालयातल्या गंभीर रुग्णांपुरते.